चामड्याला रंग देताना : मराठवाड्याच्या पाण्या-उन्हाचा हिशेब

पट्टा, पाकीट, किचेन किंवा वहीचे कव्हर घरी करणाऱ्या हौशी माणसाला कापणे आणि शिवणे थोड्या सरावाने जमू लागते. काम अडते ते रंगापाशी. रंग डागाळतो, हाताला आणि शर्टाला लागतो, काही महिन्यांत भेगाळतो किंवा ओला असताना एकसारखा दिसलेला चॉकलेटी रंग सुकल्यावर ओघळ दाखवू लागतो, आणि मग सगळा दोष रंगाच्या बाटलीवर जातो. प्रत्यक्षात यातले बहुतेक दोष रंगाचा बोळा टेकवण्याआधीच ठरून गेलेले असतात. चामडे कोणत्या पद्धतीने कमावले आहे, त्याला कोणते पाणी लागले आहे आणि त्या दिवशी हवा किती तापलेली आहे, यांवर रंगाचे बरेचसे यश अवलंबून असते. मराठवाड्यात बोअरचे जड पाणी आणि मार्चपासून चढत जाणारे ऊन या गोष्टी कोणत्याही परदेशी मार्गदर्शिकेत धरलेल्या नसतात. म्हणून पुढील सर्व सूचना त्या गृहीत धरून दिल्या आहेत.

चामडे ओळखणे

कातडे कमावण्याच्या दोन पद्धती हौशी माणसाला ठाऊक असाव्यात. झाडांच्या साली आणि फळे यांतील टॅनिन (तुरट द्रव्य) वापरून कमावलेल्या चामड्याला बाजारात ‘व्हेज टॅन’ म्हणतात, तर क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याला नुसते ‘क्रोम’. कोल्हापुरी चपलेचे चामडे पहिल्या प्रकारातले; तिथे कातडी शिवून त्यांची पिशवी करण्याची आणि तीत बाभळीची साल व हिरडा यांचा अर्क भरून ठेवण्याची रीत आहे. आपल्याकडच्या माळांवर पिवळ्या फुलांनी लगडणारा तरवडही टॅनिनने भरलेला असतो आणि दक्षिणेत त्याच्या सालीने कातडी कमावण्याची परंपरा जुनी आहे. घरी रंगवायचे असेल तर व्हेज टॅनच घ्यावे, आणि तेही वरून कोणताही लेप न दिलेले. क्रोम चामडे बहुधा कारखान्यातच पिंपात रंगवून, वर लेप चढवून येते. त्यावर घरचा रंग बसत नाही, फार तर कडा रंगवता येतात.

मुंबईच्या धारावीतून, चेन्नईच्या पेरियामेट भागातून किंवा ऑनलाइन माल मागवताना ‘नॅचरल व्हेज टॅन, फिनिश न केलेले’ असे स्पष्ट सांगावे आणि जाडी मिलिमीटरमध्ये द्यावी. पाकिटाला १ ते १.५ आणि पट्ट्याला ३ ते ४ मिलिमीटर जाडी पुरते. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे इथल्या जाड चामड्यात म्हशीचे प्रमाण मोठे आहे. म्हशीच्या चामड्याचा दाणा, म्हणजे पृष्ठभागाची नैसर्गिक पोत, मोठा आणि तंतू सैल असतात, त्यामुळे ते रंग जास्त पिते आणि सगळीकडे सारखा पीत नाही. पोटाकडचा भाग पाठीच्या भागापेक्षा गडद होतो. एकाच पट्ट्यात हे दोन्ही भाग आले तर कितीही कौशल्याने रंगवले तरी फरक राहतो, तेव्हा ही काळजी कापतानाच घ्यावी लागते.

आलेला माल खरोखर व्हेज टॅन आहे का, हे तपासणे सोपे आहे. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकावा. लेप नसलेले व्हेज टॅन तो लगेच शोषून गडद होते. कापलेली कड पाहावी. ती निळसर-राखाडी दिसली तर क्रोम समजावे, मात्र आरपार रंगवलेल्या चामड्यात ही खूण लपते. सर्वांत खात्रीची परीक्षा लोखंडाच्या पाण्याची आहे, ज्याची कृती पुढे दिली आहे. आतल्या खरखरीत बाजूला त्याचा एक थेंब टाकल्यावर तो काही मिनिटांत काळा पडला तर चामड्यात टॅनिन आहे, नाही तर नाही.

पाणी

मराठवाड्यातील बहुतेक गावांत वापराचे पाणी खोल बोअरचे असते. त्यातील क्षार सुकताना पृष्ठभागावर पांढुरकी कड सोडून जातात आणि ती कड रंगाखालून डोकावत राहते. त्याहून मोठा त्रास गंजाचा. जुनी लोखंडी टाकी, गंजका नळ किंवा पत्र्याची बादली यांतून आलेला गंजाचा कण ओल्या व्हेज टॅनला लागला की तिथे निळसर-काळा ठिपका उठतो, कारण टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग काळाच रंग देतो. ज्या पाटावर रापीला (चामडे कापण्याच्या सुरीला) धार लावली त्याच पाटावर ओले चामडे ठेवले तरी हेच घडते. धार लावताना सांडलेला लोखंडाचा बारीक भुगा डोळ्यांना दिसत नाही. पण चामडे सुकेपर्यंत त्यावर मिरे पूड भुरभुरल्यासारखे ठिपके उमटलेले असतात. म्हणून धार लावण्याची आणि चामडे भिजवण्याची जागा वेगळी ठेवावी.

चामडे ओले करण्यासाठी, पाण्यात कालवलेला रंग पातळ करण्यासाठी आणि शेवटी पुसण्यासाठी आरओच्या जारचे पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. एका पट्ट्याला लागणारे पाणी तांब्याभराहून अधिक नसते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला पाणी मोजून वापरण्याचा उपदेश करण्याची गरज नाही. पण इथे प्रश्न प्रमाणाचा नसून प्रतीचा आहे. ठिपके पडलेच तर पेलाभर पाण्यात एका लिंबाचा गाळलेला रस मिसळून तो स्पंजने संपूर्ण पृष्ठभागावर फिरवावा. फक्त डागावर लावला तर डागाच्या जागी फिकट वर्तुळ दिसते. ताजे ठिपके याने बरेच उतरतात, आणि बोटांचे तेलकट ठसेही निघतात. त्यानंतर साध्या पाण्याचा स्पंज फिरवून चामडे सावलीत सुकू द्यावे.

डिंकाचा आणि चिकटद्रव्याचा डागही असाच वैरी आहे. रबर सोल्युशनचा ओघळ जिथे सुकला तिथे रंग आत शिरत नाही आणि फिकट बेट तयार होते. हे टाळण्याचा मार्ग एवढाच, की ठसेकाम आणि रंग आधी, चिकटवणे आणि शिवणे नंतर. दोराही मग रंगात माखत नाही.

रंगाचे हात

हौशी कामात दोन प्रकारचे रंग चालतात. स्पिरिटचा रंग झटकन आत शिरतो, खोल जातो आणि पाण्याने सहसा हलत नाही. पण तो चामड्यातील तेल ओढून घेतो आणि लावणाऱ्याला विचार करायला वेळ देत नाही. पाण्याचा रंग सावकाश बसतो, चुका सावरू देतो, मात्र वरून नीट लेप न दिल्यास घामाने सुटतो. नवशिक्याने मोठ्या पृष्ठभागासाठी पाण्याचा आणि पट्ट्यासारख्या अरुंद वस्तूसाठी स्पिरिटचा रंग घ्यावा, असे माझे मत आहे. तयार ॲक्रिलिक रंग हा तिसरा प्रकार खरे तर चामड्यावर बसणारा थर आहे. चित्र काढायला तो ठीक, पण सबंध वस्तूला दिला तर चामड्याचा दाणा झाकून टाकतो आणि वस्तू रेक्झिनची वाटू लागते. कापडाचे, होळीचे किंवा सुटे मिळणारे निनावी रंग वापरू नयेत. पाकीट आणि पट्टा रोज अंगाला लागतात.

स्पिरिटचा रंग देण्याच्या आदल्या दिवशी चामड्याला नीट्सफूट तेलाचा, म्हणजे गुरांच्या पायांपासून काढलेल्या तेलाचा, अगदी पातळ हात द्यावा आणि रात्रभर ठेवावे. तेलामुळे रंग एका जागी न थबकता सारखा पसरतो. रंग पातळ करायला फ्रेंच पॉलिशसाठी रंगाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट चालते. त्यात मिथेनॉल असू शकते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, हातमोजे घालावेत आणि त्या खोलीत गॅस, उदबत्ती किंवा देवाचा दिवा पेटता नसावा. पहिल्या हातासाठी रंगाइतकेच स्पिरिट मिसळावे. जुन्या सुती बनियनचा घट्ट बोळा करून तो रंगात बुडवावा, कागदावर टिपून घ्यावा आणि मगच चामड्याला लावावा. ठिबकणारा बोळा हे डागांचे सर्वांत मोठे कारण आहे. पहिला हात लांबीच्या दिशेने, दुसरा आडवा, तिसरा गोलाकार असा दिला म्हणजे बोळ्याच्या खुणा एकमेकींत मुरतात. भिंतीला चुना देताना एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात टिकतात, तसेच इथेही आहे. प्रत्येक हात त्याच कातड्याच्या तुकड्यावर आधी पाहून घ्यावा आणि तो तुकडा पूर्ण सुकल्यावरच निर्णय करावा, कारण ओला रंग नेहमी गडद दिसतो.

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हा दुपारी हे काम करू नये. बोळा पट्ट्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचेपर्यंत मागचे स्पिरिट उडून गेलेले असते, आणि पुन्हा हात फिरवला की ओल्या-कोरड्याच्या सीमेवर गडद रेघ उमटते. सकाळी सातच्या आत, पंखा बंद करून, रंग जरा अधिक पातळ ठेवून काम करावे. कूलरच्या झोतासमोर तर मुळीच बसू नये. झोताकडची बाजू आधी सुकते आणि त्यातून उडणारे जड पाण्याचे तुषार चामड्यावर ठिपके टाकतात.

रंग पूर्ण सुकल्यावर, म्हणजे निदान एक रात्र गेल्यावर, कोरड्या सुती फडक्याने घासायला सुरुवात करावी आणि फडक्याला रंग लागेनासा होईपर्यंत घासत राहावे. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच टाळली जाते. गडद निळा, लाल आणि काळा हे रंग पांढऱ्या विजारीवर उतरतात ते मुख्यतः याच कारणाने. वर कितीही लेप दिले तरी खाली सुटा राहिलेला रंग घामाबरोबर वाट काढतो.

लोखंडाचा काळा

काळ्या रंगासाठी बाटलीतला रंग घेण्याऐवजी लोखंडाचे पाणी वापरावे, असा माझा आग्रह आहे. यात रंगद्रव्य बाहेरून येत नाही. चामड्यातले टॅनिनच लोखंडाशी मिळून काळे होते, त्यामुळे हा काळा कपड्यांना फारसा लागत नाही आणि ओरखडा पडला तरी खाली काळेच दिसते. कलमकारीत गूळ, पाणी आणि लोखंडाचे तुकडे आंबवून काळा रंग करतात तो याच तत्त्वावर. चामड्यासाठी मात्र गुळापेक्षा व्हिनेगर बरे, कारण गुळाचा चिकटपणा पृष्ठभागावर राहतो.

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत एक लिटर साधे पांढरे व्हिनेगर घ्यावे. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या बारीक स्टील वूलचा मूठभर गोळा साबणाने धुऊन, तेल काढून, वाळवून त्यात टाकावा. भांडी घासण्याची चकचकीत तारेची घासणी स्टेनलेस असते आणि ती विरघळत नाही. स्टील वूल न मिळाल्यास गंजके खिळे चालतात, फक्त वेळ अधिक लागतो. झाकण घट्ट लावू नये, कारण आत हायड्रोजन वायू तयार होतो. वर कापड बांधून बरणी स्वयंपाकघरापासून आणि जाळापासून दूर ठेवावी. दोन ते तीन आठवड्यांनी बहुतेक लोखंड विरघळले आणि व्हिनेगरचा उग्र वास मंदावला की पाणी दोनदा कापडातून आणि एकदा फिल्टर पेपरमधून गाळावे. गाळलेले पाणी फिकट तांबूस दिसते. त्यात काळेपणा शोधू नये, तो चामड्यात यायचा असतो.

कामाला बसण्याआधी खाली जाड प्लास्टिक अंथरावे. आपल्याकडे घरोघरी असलेली शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. तिच्यावर हे आम्ल सांडले तर फरशीची झिलई जाते आणि तांबूस डाग कायमचा बसतो.

चामड्यात टॅनिन कमी असल्याची शंका असेल तर आधी हिरड्याचा काढा लावावा. काष्ठौषधींच्या दुकानातून हिरड्याची भरड आणून, दोन चमचे भरड पेलाभर जारच्या पाण्यात स्टीलच्या पातेल्यात उकळावी, गाळावी आणि कोमट असताना चामड्यावर दोनदा फिरवावी. लोखंडी कढई घेतली तर काढाच काळा होईल. चामडे दमट असतानाच लोखंडाचे पाणी स्पंजने लावावे. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही झाले असे वाटत नाही. मग बदामी रंगावर राखाडी सावली सरकू लागते, ती जांभळट होते, आणि पाच-सात मिनिटांत दाण्याच्या खोलगट रेषांपासून काळेपणा वर येत सबंध पृष्ठभाग निळसर-काळा होतो. फिकट जागा दिसतील तिथे दुसरा हात द्यावा आणि अर्धा तास थांबावे.

यानंतरची पायरी टाळली तर वर्षभरात चामडे ठिसूळ होते. उरलेले आम्ल मारण्यासाठी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी स्पंजने सगळीकडे लावावे. थोडा फेस येतो. सोड्याचे प्रमाण वाढवू नये, कारण अल्कही चामड्याला तितकेच घातक आहे. मग साध्या पाण्याने दोनदा पुसून, सपाट ठेवून, सावलीत सुकवावे. सुकलेले चामडे करडे आणि रूक्ष दिसते, पण घाबरण्याचे कारण नाही. नीट्सफूट तेलाचे दोन पातळ हात एका दिवसाच्या अंतराने दिले की खरा काळा उठून येतो.

तेल, मेण आणि लेप

तेल कोणते, यावर घरात हमखास वाद होतो, कारण स्वयंपाकघरात करडईचे तेल तयारच असते. ते वापरू नये. करडई आणि जवस ही दोन्ही हवेत सुकून घट्ट होणारी तेले आहेत; चामड्यावर ती काही आठवड्यांत चिकट होतात, धूळ धरतात आणि पुढे कडक थर तयार करतात. दख्खनमध्ये करडईचे बी जाळून काढलेले काळे तेल विहिरीच्या दोरांना आणि पाण्यात वावरणाऱ्या कातड्याला लावत, ते नेमके याच गुणासाठी. पण मोटेला (विहिरीतून पाणी काढण्याच्या चामडी पिशवीला) जे मानवते ते पाकिटाला मानवत नाही. खोबरेल तेल सुमारे चोवीस अंशांखाली थिजते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्याची पांढरट साय चामड्यावर येते. नीट्सफूट नसेल तर एरंडेल चालते, कारण ते सुकत नाही. मात्र ते दाट असल्याने कोमट करून, नावापुरतेच लावावे. तेल जास्त झालेला पट्टा लुळा पडतो आणि त्यावर उपाय नाही.

मेणासाठी एक भाग मधमाश्यांचे मेण आणि दोन भाग तेल वजनाने घेऊन, उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे. थेट आचेवर ठेवू नये. परदेशी कृतींत तेलाचे प्रमाण तिप्पट-चौपट असते, पण तसे मलम मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेल्या पाकिटातून पाझरते. मेण बोटाने चोळून लावावे, अर्धा तास थांबावे आणि घोड्याच्या केसांच्या ब्रशने किंवा फडक्याने झळाळी आणावी. थंडीत वर पांढुरके आवरण दिसल्यास हेअर ड्रायरची हलकी ऊब पुरते.

पाण्याचा रंग दिला असेल तर मात्र मेणावर भागत नाही. ॲक्रिलिक लेप द्यावा. तो निम्मे पाणी घालून, ओलसर स्पंजने, फेस न करता दोनदा लावावा. तेल दिल्यानंतर एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा आणि मेणाच्या आधीच हा लेप द्यावा, कारण मेणावर तो धरत नाही. लाखेचा लेप सुंदर चमकतो, पण वाकणाऱ्या वस्तूवर तडकतो. तो लाकडी पेटीवर मढवलेल्या चामड्यापुरता ठेवावा.

कड घोटणे

वस्तू हाताने केली आहे की कारखान्यात, हे जाणकार कडेवरून ओळखतो, आणि इथे घाई चालत नाही. शिवण पूर्ण झाल्यावर दोन्ही थर रापीने एकसारखे छाटावेत. मग कोपरे कड काढण्याच्या हत्याराने किंवा पॉलिश पेपरने गोल करावेत. २२० नंबरच्या पेपरपासून सुरू करून ४०० आणि ६०० पर्यंत जावे आणि प्रत्येक पेपर एकाच दिशेने फिरवावा. कडेवर बोट फिरवल्यावर दोन थरांमधला सांधा जाणवू नये. जाणवला तर रंग देऊ नये, पुन्हा पेपरकडे जावे. यानंतर कानात घालण्याच्या कापसाच्या काडीने कडेला रंग द्यावा.

घोटण्यासाठी उन्हाळ्यात सरबतात घालतात तो कतिरा डिंक उत्तम. चिमूटभर डिंक पेलाभर पाण्यात रात्री भिजत घातला की सकाळी फुगून खळीसारखा होतो. तो कापडातून गाळून घ्यावा आणि चार-पाच दिवसांत संपवावा, नाही तर आंबतो. बोटाने त्याचा पातळ थर कडेला लावून, खाच पाडलेली शिसवी किंवा सागवानी घोटणी हलक्या हाताने पण वेगाने फिरवावी. सुरुवातीला घोटणी अडखळते आणि कडेवरचे केसाळ तंतू गोळा होतात. घर्षणाने कड गरम होत जाते तसे ते तंतू एकमेकांवर बसतात, आवाज खरखरीत होता तो गुळगुळीत होतो आणि कड काचेसारखी चमकू लागते. डिंक पृष्ठभागावर सांडू देऊ नये. तिथे गडद डाग पडतो. शेवटी कडेवर नुसत्या मेणाचा खडा घासून सुती फडक्याने पुन्हा घोटावे. क्रोम चामड्याची कड घोटून बसत नाही. तिला तयार एज पेंट, म्हणजे कडेवर थर धरणारा रंगच लागतो.

पावसाळ्यात

जुलैपासून बंद कपाटातल्या चामड्यावर बुरशी येते, विशेषतः तेल जास्त झालेल्या वस्तूंवर. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात गुंडाळून, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवाव्यात. बुरशी दिसलीच तर ती घराबाहेर, कोरड्या ब्रशने झाडावी, म्हणजे तिची पूड इतर वस्तूंवर जाणार नाही. त्यानंतर निम्मे पाणी मिसळलेल्या स्पिरिटने फडके जेमतेम ओलसर करून पुसावे. स्पिरिटचा रंग दिलेल्या वस्तूवर हे आधी आतल्या बाजूला तपासून पाहावे, कारण ज्या द्रावणाने रंग चढला त्याच द्रावणाने तो उतरूही शकतो. वस्तू सकाळच्या कोवळ्या उन्हात पाव तास ठेवून, सावलीत पूर्ण सुकल्यावर मेणाचा एक हात द्यावा. न रंगवलेले चामडे मात्र उन्हात अधिक वेळ राहिल्यास तांबूस होते, त्यामुळे ते उलटसुलट करून दोन्ही बाजूंना सारखाच वेळ ऊन द्यावे.